कार्लसन–कारुआना, लंडन २०१८, चौथा डाव: इंग्लिश ओपनिंगमधली बरोबरी पटावर मांडून कशी अभ्यासावी

बुद्धिबळात बरोबरीत सुटलेल्या डावाचा निकाल पाहिला की बरेच जण पुढच्या डावाकडे वळतात. ओपनिंग शिकायचं असेल तर मात्र असेच डाव हाती घ्यावेत. जिंकलेल्या डावात कुठेतरी एका बाजूची चूक झालेली असते आणि त्या चुकीआड ओपनिंगने मुळात काय दिलं होतं ते झाकलं जातं. दोन्ही बाजू नीट खेळल्या असतील तर कुठली योजना कशामुळे अडली हे चालीगणिक दिसतं. इंग्लिशसारख्या (१. सी४) बगलेच्या प्याद्याने सुरू होणाऱ्या ओपनिंगमध्ये हे फारच महत्त्वाचं ठरतं, कारण तिथे लढाई उशिरा पेटते आणि ती बहुधा एखाद्या कमजोर प्याद्यावरून होते.

इथे घेतलेला डाव १३ नोव्हेंबर २०१८ चा. जागतिक अजिंक्यपदाच्या लढतीचा चौथा डाव, पांढरा मॅग्नस कार्लसन, काळा फाबियानो कारुआना. त्या महिन्यात दोघांची रेटिंग २८३५ आणि २८३२ होती. लढतीतले बाराही क्लासिकल (लांब वेळेचे) डाव बरोबरीत सुटले आणि कार्लसनने रॅपिड (कमी वेळेचा) टायब्रेक ३–० असा जिंकला. चौथा डाव ३४ चालींचा आहे, म्हणजे दोन बैठकांत पुरा होतो.

तयारी

खरा पट, वही आणि पेन्सिल घ्या. संगणक पहिल्या बैठकीत बंदच ठेवा. पहिल्या बैठकीला साधारण दीड तास, दुसरीला तासभर धरा. नोंदीसाठी रा (राजा), व (वजीर), ह (हत्ती), उं (उंट), घो (घोडा) ही सोंगट्यांची अक्षरं वापरली आहेत. अक्षर नसेल तिथे प्याद्याची चाल. × म्हणजे मारणे, + म्हणजे शह, ०-० म्हणजे कॅसलिंग, ! चांगली चाल, ? चूक. आकड्यापुढे तीन टिंबं असतील तर ती काळ्याची चाल. दोन हत्ती एकाच घरात जाऊ शकत असतील तर कुठल्या स्तंभावरचा हलला ते आधी लिहिलं आहे: हडी-सी१ म्हणजे डी स्तंभावरचा हत्ती सी१ वर.

पूर्ण डाव असा:

१. सी४ ई५ २. घो-सी३ घो-एफ६ ३. घो-एफ३ घो-सी६ ४. जी३ डी५ ५. सी×डी५ घो×डी५ ६. उं-जी२ उं-सी५ ७. ०-० ०-० ८. डी३ ह-ई८ ९. उं-डी२ घो×सी३ १०. उं×सी३ घो-डी४ ११. बी४ उं-डी६ १२. ह-बी१ घो×एफ३+ १३. उं×एफ३ ए६ १४. ए४ सी६ १५. ह-ई१ उं-डी७ १६. ई३ व-एफ६ १७. उं-ई४ उं-एफ५ १८. व-एफ३ उं×ई४ १९. व×एफ६ जी×एफ६ २०. डी×ई४ बी५ २१. हई-डी१ उं-एफ८ २२. ए×बी५ ए×बी५ २३. रा-जी२ हई-डी८ २४. हडी-सी१ रा-जी७ २५. उं-ई१ हडी-सी८ २६. ह-सी२ ह-ए४ २७. रा-एफ३ एच५ २८. रा-ई२ रा-जी६ २९. एच३ एफ५ ३०. ई×एफ५+ रा×एफ५ ३१. एफ३ उं-ई७ ३२. ई४+ रा-ई६ ३३. उं-डी२ उं-डी६ ३४. हबी-सी१, बरोबरी.

आधी सगळा डाव न थांबता एकदा खेळून घ्या, दहा मिनिटांत. मग पट परत लावा आणि खाली दिलेल्या जागांवर थांबा. प्रत्येक थांब्यावर पुढची चाल झाकून ठेवा. दोन्ही बाजूंच्या तीन-तीन शक्य चाली वहीत लिहा आणि मगच पुढे वाचा.

पहिला थांबा: सहाव्या चालीनंतर

ही रचना म्हणजे रंग उलटवलेलं सिसिलियन ड्रॅगन (१. ई४ सी५ ने सुरू होणारी, काळा उंट जी७ वर ठेवतो ती ओपनिंग). पांढऱ्याकडे सिसिलियनमधल्या काळ्याची मांडणी, शिवाय एक चाल जास्त. ती जादा चाल कशी वापरली हे पुढे बघत राहा.

काळा इथे बहुतेक वेळा ६... घो-बी६ खेळतो. कारुआनाने उंट सी५ वर आणला. तोच उंट निमूटपणे ई७ वर ठेवला असता तर ७. घो×ई५! ने प्यादं गेलं असतं. ७... घो×ई५ ला ८. घो×डी५, आणि ७... घो×सी३ ला ८. उं×सी६+ बी×सी६ ९. डी×सी३ व×डी१+ १०. रा×डी१. पांढऱ्याकडे एक प्यादं जास्त आणि घोडा सी६ वरही डोळा ठेवून. उंट सी५ वर असला की त्याच मारामारीच्या शेवटी काळा एफ२ चं प्यादं मारतो, त्यामुळे ई५ फुकट जात नाही. हे दोन्ही फाटे पटावर खेळून पाहा. ई५ वरचा हा डावपेच या ओपनिंगमध्ये दर दोन-तीन चालींनी पुन्हा तपासावा लागतो.

लगेच त्याची उलट बाजू बघा. सातव्या चालीला दोघांनी कॅसलिंग केलं. आता ८. घो×ई५? घो×सी३! आणि पांढरा अडकतो, कारण काळा राजा ई८ वर नाही, म्हणून उं×सी६ ला शह बसत नाही आणि डी१ चा वजीर माराखाली आहे. ९. घो×सी६ घो×डी१ १०. घो×डी८ घो×एफ२ ११. ह×एफ२ उं×एफ२+ १२. रा×एफ२ ह×डी८. काळ्याला उंटाच्या बदल्यात हत्ती मिळाला. नवशिके पांढऱ्याकडून खेळताना सहाव्या चालीचा डावपेच पाठ करतात आणि आठव्या चालीला तोच खेळून बसतात. पाठ करण्याची गोष्ट एकच: सी६ वर मारताना शह आहे का?

८. डी३ ह-ई८ यात थांबण्यासारखं कमी आहे. एवढं लक्षात ठेवा की हत्ती ई८ वर गेल्यावर एफ७ ला फक्त राजाचा आधार उरतो. पुढे घो-जी५ किंवा व-बी३ येत असेल तर काळ्याने आधी तिकडे बघावं.

दुसरा थांबा: दहाव्या चालीनंतर

पांढऱ्याचा उंट सी३ वरून ई५ वर रोखलेला आहे. त्याला उत्तर म्हणून काळ्याने घोडा डी४ वर उडवला. पहिला विचार ११. घो×डी४ ई×डी४ असा येतो आणि बरेच जण तसं खेळतात. मग काय होतं? सी३ च्या उंटाला मागे जावं लागतं, ई स्तंभ काळ्याच्या हत्तीला मोकळा होतो आणि ई२ चं प्यादं त्या हत्तीसमोर अडकून बसतं. जादा चाल वाया गेली.

११. बी४ जास्त मुद्द्याची चाल आहे. उंट बी६ वर गेला तर ए४ आणि मग ए५ अशी कोंडी होते: ए७ आणि सी७ वर काळ्याचीच प्यादी आणि सी५ वर बी४ चा मार. म्हणून उंट डी६ वर परतला. पांढऱ्याला वजिराच्या बाजूला (ए-बी-सी स्तंभांकडे) जागा मिळाली, आणि जादा चालीची किंमत ती हीच.

तिसरा थांबा: १४... सी६ नंतर

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, निदान वीस मिनिटं. पट जुळतो का ते आधी तपासा.

पांढरा: राजा जी१, वजीर डी१, हत्ती बी१ आणि एफ१, उंट सी३ आणि एफ३, प्यादी ए४, बी४, डी३, ई२, एफ२, जी३, एच२.

काळा: राजा जी८, वजीर डी८, हत्ती ए८ आणि ई८, उंट सी८ आणि डी६, प्यादी ए६, बी७, सी६, ई५, एफ७, जी७, एच७.

वजिराच्या बाजूला पांढऱ्याची दोन प्यादी आहेत, काळ्याची तीन. दोन प्याद्यांनी तिनांवर चढाई करून एक कमजोर प्यादं मागे ठेवायचं, ही जुनी आणि खात्रीची योजना. बारावी, तेरावी आणि चौदावी चाल पांढऱ्याने तिच्यासाठीच खर्च केली: हत्ती बी१ वर, उंट एफ३ वरून बी७ कडे बघतोय, ए४ ने बी५ ला आधार. काळ्यानेही ए६ आणि सी६ नेमकं त्याविरुद्धच खेळलं आहे.

मग १५. बी५ का नाही? या डावाबद्दल खरा प्रश्न हाच, आणि तो वहीत स्वतःच्या हाताने सोडवा. १५... ए×बी५ १६. ए×बी५ नंतर काळ्याने सी×बी५ केलं तर १७. ह×बी५. हा हत्ती बी७ वर आणि पाचव्या आडव्या पट्टीतून ई५ वर, दोन्हीकडे मार धरतो. काळ्याने १६... उं-डी७ केलं तर १७. बी×सी६ उं×सी६ १८. उं×सी६ बी×सी६, आणि सी६ चं प्यादं एकटं, आधाराला शेजारी प्यादं नाही. काळ्यासाठी तिसरा रस्ता १५... सी×बी५ १६. ए×बी५ ए५ हा आहे. त्यात त्याचं ए प्यादं मोकळं सुटतं, पण बी७ कायम मागे राहतं आणि एफ३ चा उंट तिथेच रोखलेला आहे.

या तिन्हींपैकी कुठल्याही फाट्यात पांढरा जिंकला असं म्हणता येत नाही. पण खेळ एका बाजूने चालतो: पांढरा दाबतो, काळा सांभाळतो. कार्लसनने १५. ह-ई१ खेळून मध्यभागाची तयारी केली आणि काळ्याला उं-डी७ साठी एक चाल मिळाली. डी७ चा उंट सी६ ला आणि बी५ ला आधार देतो, त्यानंतर बी५ ची धार गेली. चौदा चाली बांधलेली योजना पंधराव्या चालीला एक पाऊल उशीर झाल्याने थंडावली. बगलेच्या ओपनिंगमध्ये वेळ भरपूर आहे असं वाटत राहतं, पण एखादा क्षण असा येतो की तिथे तयारीची आणखी एक चाल चालत नाही. असा क्षण ओळखण्याची खूण: तुमच्या प्याद्याची धडक आत्ता शक्य आहे आणि प्रतिस्पर्ध्याची एक सोंगटी अजून मागच्या ओळीत आहे. इथे ती सी८ चा उंट होता.

चौथा थांबा: २०... बी५ नंतर

सोळा ते वीस या चालींत वजीर आणि एकेक उंट पटावरून गेले. १७... उं-एफ५ ही कारुआनाची चांगली चाल: बी७ वर रोखलेला पांढऱ्याचा उंटच त्याने बदलून घेतला. १९ व्या चालीला पांढरा व×ई४ करून वजीर ठेवू शकत होता. त्याऐवजी त्याने काळ्याची एफ प्यादी एकामागे एक आणली, आणि स्वतःची ई प्यादीही तशीच झाली.

२०... बी५ शिवाय गत्यंतर नव्हतं. ही चाल नसती तर पांढरा स्वतः बी५ खेळून हत्ती बी७ समोर आणतो. आता काळ्याला सी६ सांभाळायचं आहे, पांढऱ्याला बी४.

पट पाहा. दोन्हीकडे एकेक उंट उरला आहे आणि दोन्ही काळ्या घरांवरून फिरणारे आहेत. आता प्रत्येक प्यादं कुठल्या रंगाच्या घरात आहे ते लिहून काढा. काळ्याची बी५ आणि सी६ पांढऱ्या घरांत आहेत, म्हणजे पांढऱ्याचा उंट त्यांना कधीच हात लावू शकत नाही. सी६ वर दबाव आणायचा तर फक्त दोन हत्तींनी. उलट पांढऱ्याचं बी४ काळ्या घरात आहे, त्यावर काळ्याचा उंट आणि हत्ती दोघेही चालून येतात. म्हणून पांढऱ्याचा उंट सी३, ई१, डी२ अशा घरांतच फिरतो. तिन्ही घरं बी४ कडे जाणाऱ्या तिरप्या रेषेवरची आहेत. उंट त्या प्याद्याला बांधला गेला.

पांढऱ्याला वजिराच्या बाजूला जागा होती तरी जिंकण्याची वाट का सापडली नाही, याचं उत्तर इथे आहे. ‘एकाच रंगाचे उंट म्हणजे लढत शिल्लक’ असं सांगितलं जातं ते बरोबर आहे, पण लढत कोणाच्या बाजूने हे प्याद्यांच्या घरांच्या रंगावर ठरतं. काळ्याने सी६ ऐवजी सी५ वर कमजोर प्यादं ठेवलं असतं तर हाच उंट त्यावर तुटून पडला असता.

पाचवा थांबा: २६... ह-ए४ पासून शेवटपर्यंत

ए स्तंभ उघडला आणि तिथे काळ्याचा हत्ती चौथ्या ओळीत उतरला. बी४ वर हत्ती आणि उंट, रक्षणाला बी१ चा हत्ती आणि ई१ चा उंट. तिकडे सी६ वर सी२ चा हत्ती, रक्षणाला सी८ चा हत्ती. हिशेब चुकतोय का ते दर चालीला मोजा, कारण अशा स्थितीत हरणारा बहुतेक वेळा एक रक्षक ‘थोड्या वेळासाठी’ हलवतो आणि प्यादं घालवतो.

मग दोघांनी आपापली दुबार प्यादी सोडवली. काळ्याने २९... एफ५ ने, पांढऱ्याने ३०. ई×एफ५+ ने. यात २९. एच३ ही छोटी चाल बघा: काळ्या राजाला जी५ मार्गे जी४ वर शिरायचं होतं, ते घर तिने बंद केलं. ३३ व्या चालीनंतर पांढऱ्याची ई४, एफ३, एच३ पांढऱ्या घरांत आहेत, काळ्याच्या उंटाच्या आवाक्याबाहेर. काळ्याची बी५, सी६, एफ७, एच५ पांढऱ्याच्या उंटाच्या आवाक्याबाहेर. उंटांना मारायला उरली ती बी४, जी३ आणि ई५ एवढीच, आणि ई५ ला राजा आणि उंट दोघांचा आधार आहे. पुढे जाण्यासाठी कोणीही काही सोडायला गेला तर आपलंच प्यादं सैल होतं. ३४. हबी-सी१ ने सी६ वर दोन हत्ती आले तेव्हा बी१ मोकळा झाला, म्हणजे बी४ चा एक रक्षक कमी. सी६ पडलं तर बी४ पडतं. तिथे हात मिळवले.

दुसरी बैठक

आता संगणक उघडा. एकाच वेळी तीन पर्याय दिसतील असं ठेवा आणि फक्त ११ व्या, १५ व्या आणि १९ व्या चालीला तपासा. आकडा ०.०० (दोघे समान) दाखवतो म्हणून ती जागा सोडून देऊ नका. शून्याला पोहोचण्यासाठी काळ्याला सलग किती अचूक चाली कराव्या लागतात ते मोजा. दर वेळी एक-दोनच चाली चालणार असतील तर समोरासमोरच्या डावात ती स्थिती पांढऱ्याला सोपी आणि काळ्याला अवघड. वहीतल्या तुमच्या चाली आणि संगणकाच्या चाली यांत फरक पडला तर आधी तुमच्या चालीवरचं उत्तर शोधा.

नंतर जोडीदाराबरोबर दोन स्थिती खेळा, १५ मिनिटं अधिक दर चालीला १० सेकंद. पहिली १४... सी६ ची, पांढऱ्याने १५. बी५ खेळायचंच. दुसरी २०... बी५ ची. दोन्हींत रंग बदलून दोन-दोन डाव. दुसऱ्या स्थितीत कोणी हरलं तर बहुधा राजा वेळेवर मध्यभागी आणला नाही म्हणून. या डावात दोन्ही राजे २३ ते ३२ या चालींत चालत आले आहेत.

स्पर्धेत अशी बरोबरी घेताना

फिडेच्या (जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या) नियमांनुसार बरोबरीचा प्रस्ताव आपली चाल पटावर करून, घड्याळ दाबण्याआधी द्यायचा. दोघांनीही स्कोअरशीटवर त्या चालीपुढे (=) लिहायचं. प्रस्तावाला अट घालता येत नाही, मागेही घेता येत नाही. प्रतिस्पर्ध्याने तोंडी नाकारला किंवा चालीच्या हेतूने सोंगटीला हात लावला की तो संपतो. आधी स्पर्धेचं पत्रक वाचा: अनेक ठिकाणी ठरावीक चालीआधी संमतीची बरोबरी चालत नाही. लंडनच्या लढतीत ती मर्यादा ३० चालींची होती.

प्रतिस्पर्धी मानत नसेल आणि स्थिती पुन्हा पुन्हा येत असेल तर तिसऱ्यांदा येताना दावा करता येतो. चाल स्कोअरशीटवर लिहा, पटावर करू नका, आणि पंचांना सांगा. सोंगटीला हात लावलात तर त्या चालीपुरता हक्क गेला. तिन्ही वेळा चाल त्याच खेळाडूची हवी, कॅसलिंगचे आणि आंपासांचे (दोन घरं पुढे आलेलं प्यादं वाटेतच मारण्याचे) हक्कही तेच हवेत. इथेच बरेच दावे फसतात. दावा चुकीचा ठरला तर क्लासिकल डावात प्रतिस्पर्ध्याला दोन मिनिटं मिळतात आणि लिहिलेली चाल करावीच लागते. पाचव्यांदा तीच स्थिती आली, किंवा दोन्ही बाजूंच्या ७५-७५ चालींत ना प्यादं हललं ना काही मारलं गेलं, तर कोणी न मागताही डाव बरोबरीत संपतो. अपवाद एवढाच की पंचाहत्तरावी चालच मात देणारी असेल तर मात धरली जाते.

रेटिंगचा हिशेबही आधी करून ठेवा. प्रतिस्पर्धी २०० गुणांनी वरचा असेल तर तुमचे अपेक्षित गुण ०.२४. दोघांचाही के (एका डावाने रेटिंग किती बदलतं तो गुणक) २० असेल तर बरोबरीचे तुम्हाला ५.२ गुण मिळतात आणि त्याचे तेवढेच जातात. तेव्हा २०... बी५ सारख्या स्थितीत प्रस्ताव त्याच्याकडून येण्याची वाट बघू नका, पण देण्याआधी बी४ आणि सी६ चे हल्लेखोर-रक्षक एकदा परत मोजा. तुमच्या बाजूला एक रक्षक जास्त असेल तर प्रस्ताव न देता खेळा.